कप्तान डावीकडे, तांडेल उजवीकडे

हेम्या,

तुझ्यावर दोन पानं लिहून द्यायचं काम मंडळाने माझ्याकडे दिलं. "तू त्याचा सगळ्यात जवळचा मित्र, तूच लिही," यावर सगळ्यांचं एकमत झालं, आणि आपल्या मंडळात एकमत होणं किती अवघड आहे ते तुला मी सांगायला नको. मी मुकाट्याने दोन पानं लिहून पाठवली. पुण्यातलं कॉलेज, वेलिंग्टनमधली नोकरी, हसरा चेहरा, मदतीला धावणारा स्वभाव. वाचताना मला स्वतःचीच शरम वाटली. शोकसभा झाल्यावर मी ती पानं परत मागितली आणि सांगितलं, त्याऐवजी हे छापा. छापतील का ते माहीत नाही. शुद्धलेखन तपासलेलं नाही, कारण ते तपासणारा माणूस गेल्या महिन्यात गेला.

यात तुझी स्तुती फारशी नाही. मला माझ्याबद्दल सांगायचंय, आणि ते ऐकायला तू हवा होतास.

शनिवारच्या मराठी वर्गापासून सुरू करतो, कारण सगळं तिथेच घडलं. वेलिंग्टनजवळच्या पोरिरुआचा तो हॉल, मागची लहान खोली, भिंतीवर कुणाच्या तरी योगवर्गाच्या चटया. साडेनऊ वाजता मुलं यायची ती निम्मी नेटबॉलच्या कपड्यांत आणि निम्मी पोहायला जायचं म्हणून पिशवीत टॉग्ज घेऊन. मराठी कळायचं सगळ्यांना, बोलायचं कुणीच नाही. आपण "काय रे, जेवलास का?" विचारायचं आणि समोरून "याह, आय हॅड हीप्स" असं उत्तर यायचं. तुझ्याआधी तीन जणांनी तो वर्ग घेतला आणि तिघांनीही बाराखडीपाशी हात टेकले. मग तू आलास. पहिल्याच दिवशी दारात उभा राहून माओरी थाटात ओरडलास, "किया ओरा, खलाशांनो!" मी हजेरीची वही घेऊन मागे बसलो होतो. मनात म्हटलं, झालं, आता याचं सुरू.

तुझं समुद्री चाच्यांचं वेड मी होस्टेलपासून भोगत होतो. लोक परीक्षेच्या आदल्या दिवशी अभ्यास करायचे, तू मला शिडाच्या जहाजांच्या लढाया समजावून सांगायचास. काडेपेटी म्हणजे व्यापारी जहाज, दोन पेनं म्हणजे चाच्यांच्या होड्या. तेव्हा मी वैतागायचो. पण तीच काडेपेटी त्या खोलीत मुलांसमोर आली, तेव्हा एकानेही टॉयलेटला जायला हात वर केला नाही, हे मान्य करतो.

आणि पहिल्याच गोष्टीत तो घोटाळा झाला. तू रंगात येऊन सांगत होतास, धुकं आहे, वारा पडलाय, आणि अचानक चाच्यांनी जहाजावर हल्ला केला. ईरा तेव्हा नऊ वर्षांची होती. आपल्या मंडळातल्या संदीपची मुलगी, दोन दात पडलेले. ती गोंधळून म्हणाली, "वेट, सो द अंकल्स अटॅक्ड द शिप?" शेजारची लगेच म्हणाली, "व्हॉट वर द आंटीज डुइंग?" तू आधी थिजलास. मग तुझ्या लक्षात आलं की या पोरांना चाचा म्हणजे फक्त हिंदी सिनेमातला काका माहीत आहे. तू इतका हसलास की तुला चटईवर बसावं लागलं. डोळे पुसत म्हणालास, "हो ग बाई, अंकल्सनीच केला. हे सगळे तुझे काका. मीसुद्धा." त्या दिवसापासून तू 'चाचा' झालास. हॉलमध्ये समोरच्या खोलीत भजनाला येणाऱ्या उत्तर भारतीय बायकांना वाटायचं, किती गोड मुलं आहेत, मराठी असून हिंदीत हाक मारतात.

तू त्यांना काय काय शिकवलंस ते मला अजून पाठ आहे, कारण मी दर शनिवारी मागे बसलेलो असायचो. हे लक्षात ठेव, मी बसलेलो असायचो. काळा झेंडा म्हणजे शरण या, जीव वाचेल. लाल झेंडा म्हणजे आता कुणालाच सोडणार नाही. "सो ब्लॅक इज द नाइस वन?" असं कुणीतरी विचारलं आणि तू म्हणालास, "त्यातल्या त्यात." मोठ्या जहाजाच्या तोफा दोन्ही कुशींना असतात, म्हणून आपल्या कोकणातली हलकी गलबतं वल्ही मारत त्याच्या मागे जायची, जिथे तोफा कमी, आणि आधी माणसांवर नाही तर डोलकाठ्यांवर गोळे टाकायची. शीड पडलं की एवढं मोठं जहाज जागच्या जागी लाकडाचा ओंडका. मुलांनी टेबल उलटं करून जहाज केलं आणि चटयांच्या गुंडाळ्यांची गलबतं. योगवाल्या बाईंनी नंतर मला किती ऐकवलं ते तुला मी कधी सांगितलं नाही.

पण तू नुसत्या लढाया सांगितल्या नाहीस, म्हणून तर मुलं टिकली. तुझ्या टिटाही बेच्या घरासमोर गवतावर ती जुनी लाकडी होडी होती, जी तू विकत घेतलीस त्या दिवशी अनघा तुझ्याशी दिवसभर बोलली नव्हती. एका शनिवारी सगळा वर्ग तिथे नेलास. पोरं जॅन्डल्स, म्हणजे रबरी चपला घालून आली होती, त्यांना वाटलं समुद्रात जायचं. तू प्रत्येकाच्या हातात रंग खरवडायची पट्टी दिलीस आणि म्हणालास, "चाच्यांचं आयुष्य असंच जायचं. लढाई दोन तास, खरवडणं दोन महिने. जहाजाच्या बुडाला शिंपले चिकटले की वेग जातो, आणि वेग गेला की फाशी." पोरं दीड तास खरवडत होती. मग तू सगळ्यांना कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे आपल्या वाण्याच्या दुकानात नेऊन आइसब्लॉकच्या कांड्या दिल्यास आणि परतताना त्यांच्याकडून 'बिस्किटातले किडे' हे शब्द पाच वेळा म्हणवून घेतलेस, कारण खलाशी बिस्किटं अंधारात खायचे, किडे दिसू नयेत म्हणून.

त्याच दिवशी तू सांगितलेलं आणखी एक आठवतं. चाच्यांच्या जहाजावर कप्तान मतं घेऊन निवडायचे. प्रत्येक खलाशाला एक मत. आणि कुणावर काही आरोप आला, तर सगळ्यांना डोलकाठीखाली बोलवायचे आणि त्याला आधी बोलू द्यायचे. "दरोडेखोर होते, पण एवढं पाळायचे," म्हणालास तू. पुढे आपण तेवढंही पाळलं नाही.

आपला जुना वाद तर तुला आठवत असेलच. मी म्हणायचो, आपल्या आरमाराला इंग्रजांनी चाचे म्हटलं ही त्यांची बदमाशी. तू म्हणायचास, बदमाशी खरीच, पण जरा थांब. "आपला परवाना नसलेलं जहाज आपण पकडलं की ती जकात. त्यांनी आपलं पकडलं की ते युद्ध. आणि शेवटी जो हरला, तो चाचा. शब्द कोण लिहितो ते बघ मिल्या." मी चिडायचो. म्हणायचो, म्हणजे तुला म्हणायचंय काय, आपले लोक चाचे होते? तू म्हणायचास, "मला म्हणायचंय की ज्या खलाशाचं जहाज पकडलं गेलं, त्याला त्या दिवशी कसं वाटलं तेही विचारू. बास." वीस वर्षं हा वाद चालला आणि कधी संपला नाही, कारण दर वेळी अनघा जेवायला हाक मारायची. आज वाटतं, हा वाद माझ्याइतका पाठ कुणालाच नव्हता. तुला नक्की काय म्हणायचं असतं हे पोरिरुआत एकाच माणसाला स्वच्छ माहीत होतं.

आता त्या शनिवारकडे येतो.

तू वर्गात म्हणालास, आज एकच लढाई दोनदा लिहायची. एक रोजनिशी इंग्रजांच्या कंपनीच्या जहाजावरच्या कप्तानाची, एक आपल्या गलबतावरच्या तांडेलाची. चार चार ओळी, मराठीत, घरून लिहून आणायच्या. मग मला म्हणालास, "मिल्या, यांचे दोन गट कर." मी उठलो. मी हजेरीच्या वहीने खांद्यावर टपली मारत मारत मुलांना वाटून दिलं, कप्तान डावीकडे, तांडेल उजवीकडे. ईरा उजवीकडे बसायला निघाली होती, तिची मैत्रीण तिथे होती म्हणून. मी तिला म्हटलं, "तू डावीकडे ग, तिकडे एक कमी आहे." मग तू अभिनय करून दाखवलास. आधी कप्तान झालास, टोपी म्हणून हॉलमधला प्लास्टिकचा वाडगा घालून: हे मराठे चाचे आहेत, समुद्रावरचे चोर आहेत! मग वाडगा काढून तांडेल झालास: आमच्या पाण्यातून विनापरवाना जाणारा हा कोण, आणि चोर कुणाला म्हणतो? मुलं दोन्ही वेळा टाळ्या वाजवत होती. शेवटी तू फळ्यावर लिहिलंस, 'कोण खरं बोलतंय?' आणि खाली उत्तर न लिहिता वर्ग सोडलास.

पुढच्या शनिवारी कळलं, पाचही तांडेलांनी गृहपाठ केला नाही. कप्तानांपैकीही एकटीनेच केला. ईराने. आयुष्यात पहिल्यांदा तिने मराठीत सलग चार वाक्यं लिहिली आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, घरी सगळ्यांसमोर ती म्हणून दाखवली. "मी कप्तान आहे. आज मराठे चाच्यांनी माझं जहाज पकडलं. ते समुद्राचे चोर आहेत. मला खूप भीती वाटली." संदीपने कौतुकाने फोनवर रेकॉर्ड करायला घेतलं होतं. तिसऱ्या वाक्याला त्याचा चेहरा बदलला असणार. दुपारपर्यंत ते रेकॉर्डिंग मंडळाच्या ग्रुपवर होतं.

तुला ते सगळं माहीत आहे. तूही ग्रुपवर होतास. 'आपल्या पूर्वजांना चोर म्हणायला शिकवायचं का इथे येऊन?' 'मुलांच्या मनात काय भरवतोय हा?' 'मराठी वर्गासाठी पाठवतो आम्ही, असल्या गोष्टींसाठी नाही.' तू एकदाच लिहिलंस, 'वर्गात दोन बाजू घेतल्या होत्या. ही त्यातली एक. दुसरीही ऐकावी.' त्यावर कुणीतरी विचारलं, 'दुसरी बाजू कुणी ऐकलीय का?'

तिथे मी लिहायला हवं होतं. 'हो, मी ऐकली, मीच गट पाडले.' सहा शब्द. मी ते टाइपही केले. मग वाटलं, थोडं थांबू, वातावरण निवळू दे. मग वाटलं, हा संदीप गणपतीचं सगळं बघतो, आता मंडळाच्या सचिवानेच, म्हणजे मीच, त्याच्याशी वाद घालायचा म्हणजे अख्खं वर्ष वाकडं. मग ते शब्द पुसले.

आणि आता जे सांगतो ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. मला थोडं बरंही वाटलं होतं, हेम्या. त्याच्या महिनाभर आधी वार्षिक सभेत तू माझा अहवाल लाल पेनने तपासून सगळ्यांसमोर परत दिला होतास. "सचिवसाहेब, 'आशीर्वाद'ला पहिलीच शी चुकली, बाकीचा अहवाल कसा वाचू?" सगळे हसले. मीही हसलो. पण घरी जाताना गाडीत माझे कान गरम होते. त्या रविवारी ग्रुपवर तुझ्याविरुद्ध एकेक मेसेज पडत होता, तेव्हा माझ्या मनाच्या कुठल्यातरी हलकट कोपऱ्यात कुणीतरी म्हणत होतं, आता कळू दे याला जरा. वीस वर्षांची मैत्री, तू माझ्या बाळाच्या जन्माच्या वेळी हॉस्पिटलात बसलेला, आणि मी एका दीर्घ ईकारापायी हे केलं.

चारच्या सुमारास संदीपचा फोन आला. मी लॉन कापत होतो, मशीन बंद करून घेतला. माणूस वाईट नाही तो, तापट आहे. त्याने सरळ विचारलं, "मिलिंद, तू होतास ना तिथे? मला खरं सांग. त्याने खरंच असं शिकवलं का? ग्रुपवर काय वाटेल ते चाललंय, मला तुझ्याकडून ऐकायचंय."

मी म्हटलं, "अरे, मी आत चहा करत होतो. नीट ऐकलं नाही."

एवढंच. इतकं सहज तोंडातून आलं की मीच चकित झालो. तो म्हणाला, "असं होय." मी लॉनचं मशीन परत सुरू केलं आणि उरलेली बाजू अगदी व्यवस्थित कापली.

मंगळवारी समितीची सभा झाली. तुला बोलावलंही नाही. कुणीतरी म्हणालं, "हेमंतला विचारायचं का एकदा?" आणि मीच म्हटलं, "नको, उगाच वाढेल." ठराव झाला, ग्रुपवर टाकायचं काम सचिवाचं. मी लिहिलं, 'काही पालकांच्या भावना लक्षात घेता शनिवारचा वर्ग तुर्तास स्थगित करण्यात येत आहे.' तासाभराने तुझं उत्तर आलं. मला वाटलं होतं आता स्फोट होणार. तू लिहिलं होतंस:

'तूर्तास. तू दीर्घ.'

आणि त्यापुढे वर केलेला अंगठा.

सगळ्यांनी हसण्याचे चेहरे टाकले. ज्या ओळीने तुला काढलं, तिचं शुद्धलेखन दुरुस्त करून दिलंस आणि गेलास. तेव्हा मला वाटलं, चला, याने फार मनावर घेतलेलं दिसत नाही. इतका मूर्ख होतो मी. किंवा इतका सोयीस्कर.

तूर्तास म्हणता म्हणता चौदा महिने गेले. वर्ग परत सुरू झाला नाही, कारण घेणार कोण? आपण भेटत राहिलो. तू आमच्याकडे दिवाळीला आलास, चिवडा खाल्लास, शेंगदाणे कमी म्हणालास. माझ्या घरामागचा लाकडी डेक दुरुस्त करायला अख्खा रविवार दिलास. दक्षिणेकडून तो थंड वारा सुटला होता, मी दोनदा आत जाऊन जॅकेट बदललं आणि तू खिळे तोंडात धरून काम करत राहिलास. चाच्यांबद्दल मात्र एक अक्षर नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा तू मला एकही लढाई सांगितली नाहीस, आणि मीही विचारली नाही.

दोन महिन्यांपूर्वी आपण पाउआटाहानुईच्या खाडीच्या कडेने चालायला गेलो होतो. ओहोटी होती, चिखल उघडा पडलेला. तू मध्येच थांबलास आणि म्हणालास, "मिल्या, त्या संदीपच्या भानगडीत..." मी लगेच म्हटलं, "अरे बघ काय वारा सुटलाय, परत फिरूया का?" तू माझ्याकडे पाहिलंस. मग हसलास, म्हणालास, "हो, वारा आहे." आणि आपण परत फिरलो. तू काय म्हणणार होतास ते मला आता कधीच कळणार नाही. तेव्हा मला फक्त हायसं वाटलं होतं, आणि गाडीपाशी येईपर्यंत मी पेट्रोल, पाऊस आणि पुतण्याचं लग्न अशा तीन विषयांवर एकट्याने बोललो.

मग अनघाचा फोन आला त्या सकाळी, आणि मी ऑफिसच्या जिन्यात बसलो. डॉक्टर म्हणाले, कळलंही नसेल त्याला. मला ते ऐकून बरं वाटलं आणि लगेच दुसरा विचार आला, की आता सांगायचं राहिलं ते राहिलंच. तू गेल्याच्या दुःखाच्या आधी हा विचार आला, हेही लिहून ठेवतो.

शोकसभा त्याच हॉलमध्ये झाली, पुढच्या रविवारी सकाळी. तुझा तो होडीत बसलेला फोटो होता. अनघा पहिल्या रांगेत, पांढरा शर्ट आणि जीन्स; तू साड्यांवरून नेहमी चिडवायचास म्हणून असेल. लोक बोलले, चांगलं बोलले. संदीपही बोलला. म्हणाला, "आमचे मतभेद झाले, मी जरा जास्तच बोललो असेन, पण माणूस लाखात एक होता." मी मित्र म्हणून बोललो. होस्टेल सांगितलं, काडेपेटी सांगितली, डेक सांगितला. लोक हसले, रडले. वर्गाचा विषय मी असा काही वळसा घालून टाळला की तू टाळी दिली असतीस.

मी खाली बसलो आणि ईरा उठली. अकरा वर्षांची झालीय आता, उंच, शाळेच्या जॅकेटच्या खिशात हात. तिचं नाव यादीत नव्हतं. संदीप तिला खाली ओढत होता, ती म्हणाली, "नो, डॅड." पुढे आली, माइकला हात न लावता उभी राहिली आणि म्हणाली,

"चाचा डिडन्ट से दे वर थीव्ज. द कॅप्टन सेड दॅट. आय वॉज द कॅप्टन."

तिला वाटलं कुणाला कळलं नाही, म्हणून तिने शब्द जुळवत जुळवत मराठीत सांगितलं. "दोन साइड होत्या. हाफ मुलं कप्तान, हाफ तांडेल. चाचांनी दोन्ही करून दाखवलं. मी तेव्हा पण डॅडला सांगितलं, पण मला रडू येत होतं आणि मराठीत येत नव्हतं." मग तिने रांगेत मला शोधलं. "मिलिंदकाकांना माहीत आहे. ही पुट मी ऑन द लेफ्ट. यू वर देअर, काका, एह?"

माझ्याकडे शंभर माणसं बघत होती, पण मी अनघाकडे बघितलं. तिने मान वळवली नव्हती. मी उभा राहिलो आणि म्हटलं, "हो. मी तिथेच होतो. मीच तिला डावीकडे बसवलं. हेमंतने दोन्ही बाजू शिकवल्या होत्या, आणि मला ते पहिल्यापासून माहीत होतं."

एवढं बोलायला चौदा महिने लागले, तेही एका मुलीने कान धरून बोलायला लावलं म्हणून. मी परत खाली बसलो. वाटलं, उशिरा का होईना, झालं. थोडं हलकंसुद्धा वाटलं, खोटं कशाला बोलू.

नंतर लोक बूट घालत होते. संदीप माझ्याजवळ आला. मला वाटलं हा आता ओरडणार, आणि ओरडला असता तर बरं झालं असतं. पण तो गोंधळलेला होता. हळू आवाजात म्हणाला, "मिलिंद, मग तू तेव्हा मला चहा करत होतो म्हणालास ते?"

मी बुटाची नाडी बांधायला वाकलो.

"पण हेमंतही तेच म्हणाला रे," तो म्हणाला. "तुझा फोन ठेवला आणि मी त्यालाच लावला होता. म्हटलं, हा मिलिंद म्हणतोय की तो चहा करत होता, त्याने ऐकलं नाही, खरं आहे का? तर म्हणाला, हो, खरंय, तो आतच होता. त्याला यात ओढू नकोस. माझं काय ते माझ्याशी बोल."

मी विचारलं, "कधी? त्याच दिवशी?"

"त्याच दिवशी. पाच मिनिटांत."

म्हणजे तू ते मंगळवारच्या आधी केलं होतंस. समिती बसायच्या आधी, माझा तो ह्रस्व 'तु' यायच्या आधी. तुझ्या हातात होतं सगळं. नुसतं म्हणायचं होतं, 'छे, मिल्या तर वर्गातच होता, त्यानेच गट पाडले, विचार त्याला.' प्रकरण तिथेच संपलं असतं, वर्ग चालू राहिला असता, आणि मी खोटा पडलो असतो. तू हिशेब केलास आणि वर्ग सोडून दिलास. आयुष्यभर कुणाची एक वेलांटी सोडली नाहीस, आणि माझं अख्खं खोटं न तपासता पुढे पाठवलंस. मग चौदा महिने माझ्याकडे येऊन चिवडा खाल्लास, माझा डेक ठोकलास, आणि मला कळूही दिलं नाहीस की तुला ठाऊक आहे.

त्या शनिवारी हॉलमधला पाणी उकळायचा जग बिघडला होता, हेम्या. चहा कुणीच केला नव्हता. सकाळी तूच मला सांगितलं होतंस, घरून थर्मास आण म्हणून, आणि मी विसरलो होतो.

आता माफी मागायची तर कशी मागू? मी गुन्हा कबूल करायला आलो तर तू माझी सुटका आधीच करून ठेवलेली. लोक म्हणतात, बघ किती मोठ्या मनाचा होता. होतास. पण मला ते मोठं मन नको होतं रे. घरी येऊन दार वाजवायचं होतंस. शिव्या घालायच्या होत्यास, होस्टेलमध्ये घालायचास तशा. मी नाही नाही म्हटलं असतं, मग रडलो असतो, मग दोघं मिळून संदीपकडे गेलो असतो आणि आज तो वर्ग चालू असता.

भांडायला हवं होतंस माझ्याशी.

मिल्या